कारण कोण लिहिणार?

इगतपुरीला पाऊस कमी पडतो, असे शाळकरी पोरगाही म्हणणार नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या या गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. दारणा, मुकणे, भावली, अप्पर वैतरणा ही धरणे याच मुलखात आहेत. दारणेचे पाणी कालव्यांनी खाली नाशिक-नगर जिल्ह्यांच्या शेतीला जाते आणि अप्पर वैतरणेचे पाणी मुंबईच्या नळाला जाते. असे असूनही एप्रिल-मे उजाडला की याच तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवरच्या आयाबहिणी डोक्यावर हंडे घेऊन वणवण फिरतात.

आता याच तालुक्यातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला सांगा, ‘पाणीटंचाईची कारणे आणि परिणाम’ यावर इंग्रजीत एक परिच्छेद लिही. तो काय लिहील? बाजारातल्या गाइडातून पाठ केलेले लिहील. पाऊस अपुरा आहे, लोकसंख्या वाढली आहे, झाडे तोडली जात आहेत, म्हणून टंचाई आहे! व्याकरण कदाचित बिनचूक असेल, मार्कही मिळतील. पण ज्या मुलाने जून ते सप्टेंबर आपल्या घराचे छप्पर गळताना पाहिले, तोच मुलगा कागदावर लिहितो की पाऊस अपुरा आहे. डोळ्यांनी पाहिलेले कारण त्याने सोडून दिले आणि दुसऱ्याने लिहून ठेवलेले कारण उचलले.

खरे कारण वेगळे आहे. काळ्या पाषाणाचा उतार पाणी धरून ठेवत नाही, जे अडते ते धरणांत अडते, धरणांतले पाणी कोणाला द्यायचे याचा निर्णय दूर कुठेतरी होतो आणि वाडीपर्यंत नळयोजना पोहोचत नाही. पहिले कारण मान्य केले तर उपाय एकच उरतो, आभाळाकडे पाहणे. दुसरे कारण मान्य केले तर प्रश्न शासनाला विचारावा लागतो. म्हणजे जो कारण लिहितो, तोच उपायही ठरवतो आणि जबाबदार कोण हेही तोच ठरवतो!

इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत ‘कॉज अँड इफेक्ट पॅराग्राफ’ म्हणून एक धडा असतो. आपल्या मुलांना तो परीक्षेपुरता, रिकाम्या जागा भरण्यापुरता शिकवला जातो. आमचे म्हणणे असे की चळवळीने हा धडा गांभीर्याने घेतला पाहिजे. कारण आणि परिणाम यांची मांडणी हा आपल्यासाठी निव्वळ भाषेचा प्रश्न कधीच नव्हता.

या देशात हजारो वर्षे आपल्याबद्दल एकच कारण लिहिले गेले. अमुक माणूस अस्पृश्य का? तर त्याने गेल्या जन्मी पाप केले म्हणून! या एका ‘म्हणून’ने करोडो माणसांना गावकुसाबाहेर बसवले. या वाक्याला पुरावा नव्हता, साक्षीदार नव्हता, उलटतपासणी नव्हती. पण लेखणी ज्यांच्या हातात होती, त्यांनी ते लिहिले आणि ज्यांना वाचायचीही बंदी होती, त्यांनी ते सोसले. आरोपीनेच निकालपत्र लिहावे, असा हा प्रकार होता.

हे कारण खोडून काढण्याचे काम आधुनिक महाराष्ट्रात प्रथम महात्मा जोतीराव फुल्यांनी केले. ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ सालच्या ग्रंथाच्या आरंभीच्या ओळी आपल्या प्रत्येक सभेत म्हटल्या जातात. पण त्या ओळींची बांधणी कशी आहे, याकडे किती जणांनी लक्ष दिले? विद्या नाकारण्यापासून आरंभ करून एकेक दुवा जोडत जोतीराव शूद्रांच्या दैन्यापर्यंत येतात आणि शेवटी सगळ्या अनर्थाचे एकच मूळ दाखवतात. आजच्या विद्यापीठात ज्याला कारणांची साखळी म्हणतात, ती ही. नशीब नाही, पाप नाही. विद्याबंदी हेच कारण!

पुढचे पाऊल बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी टाकले आणि ते इंग्रजीत टाकले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्या वेळी ते पंचवीस वर्षांचे होते. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला. त्या काळी पंडित सांगत असत की सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चाली त्यांच्या उदात्त तत्त्वज्ञानामुळे निर्माण झाल्या. बाबासाहेबांनी तो क्रम उलटा करून दाखवला. चाली आधी आल्या, गौरव मागाहून आला. जातीबाहेर लग्न होऊ द्यायचे नाही, तर जातीतल्या स्त्री-पुरुषांची संख्या बरोबरीत ठेवावी लागते आणि नवरा किंवा बायको मेल्यावर उरलेल्या माणसाचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो. त्या प्रश्नाची क्रूर उत्तरे म्हणजे या चाली. तत्त्वज्ञान हे त्यांचे कारण नव्हते, ते मागाहून चढवलेले सोंग होते. ज्याला जग कारण म्हणत होते, तो परिणाम निघाला!

दोन वर्षांनी, १९१८ साली, बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींवर लेख लिहिला. शेती मागासलेली का, तर जमिनीचे तुकडे लहान म्हणून, हे तेव्हाचे सर्वमान्य उत्तर होते. तुकडे एकत्र करा, हा उपायही ठरलेला होता. बाबासाहेबांनी विचारले की तुकडे लहान का झाले? शेतीवर माणसांचा भार फार, भांडवल व अवजारे अपुरी आणि जास्तीच्या हातांना दुसरे काम नाही. रोग तिथे आहे, लहान तुकडे हे त्याचे लक्षण आहे. म्हणून त्यांनी उपाय सांगितला औद्योगिकीकरणाचा. कारण बदलले, तसा उपायही बदलला. बाबासाहेबांच्या इंग्रजीचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. पण त्या इंग्रजीचे बळ अवघड शब्दांत नव्हते, कारण शोधण्याच्या शिस्तीत होते, हे ओळखणारे थोडे.

ही शिस्त आपल्याला परकीही नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरतात आणि देशोदेशीचे लोक तिथे येतात. विपश्यनेविषयी आपल्या चळवळीत मतभेद आहेत आणि ते असू द्यावेत. पण ज्या बुद्धाच्या नावाने हे सारे चालते, त्याच्या विचाराचा कणा प्रतीत्यसमुत्पाद आहे, याबद्दल वाद नाही. काहीही अकारण घडत नाही आणि कारण नाहीसे केले तर परिणामही नाहीसा होतो, हा त्याचा आशय. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत धुडकावला, तो याच बुद्धिवादाला धरून. ज्या माणसाला कारण शोधायची सवय लागली, तो नशिबाला हात जोडत नाही.

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे येऊ. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांची गाडी नेमकी कुठे अडते?

पहिली अडचण क्रमाची आहे. मराठीत आपण सगळी हकीकत सांगतो आणि शेवटी ‘म्हणून’पाशी येतो. विद्यापीठीय इंग्रजीत उलट करावे लागते. पहिल्याच वाक्यात सांगायचे की हा परिणाम आहे आणि ही त्याची दोन किंवा तीन कारणे आहेत. मग एकेक कारण घ्यायचे, त्याला पुरावा द्यायचा आणि त्या कारणातून तो परिणाम कसा निघाला हे दाखवायचे. ‘कसा’ हे सर्वांत महत्त्वाचे. टंचाईमुळे मुलींची शाळा सुटते, एवढे लिहून भागत नाही. विहीर आटली, झरा लांब, सकाळच्या दोन खेपांत शाळेची वेळ निघून गेली, हाजरी कमी भरली, मुलगी नापास झाली, मग शाळा सुटली. असे दुवे जोडले की वाचणाऱ्याला नाही म्हणायला जागा राहत नाही.

दुसरी अडचण जोडशब्दांची आहे. मराठीत ‘पावसामुळे’ आणि ‘पाऊस पडल्यामुळे’ दोन्हींना एकच ‘मुळे’ चालतो. म्हणून आपला मुलगा ‘ड्यू टू रेन फेल’ असे लिहून बसतो. इंग्रजीत ‘बिकॉज’च्या पुढे पूर्ण वाक्य येते आणि ‘बिकॉज ऑफ’ किंवा ‘ड्यू टू’च्या पुढे नाम येते, एवढा नियम नीट बसला तर निम्म्या चुका जातील. तसेच, मराठीला जोड्यांची सवय आहे. जर-तर, जेव्हा-तेव्हा आणि सरकारी कागदावर ज्याअर्थी-त्याअर्थी. त्या सवयीने मुले एकाच वाक्यात ‘बिकॉज’ही घालतात आणि ‘सो’ही घालतात. इंग्रजीत दोहोंपैकी एकच पुरतो.

या चुका लहान वाटतील. पण ‘रिझल्ट इन’ आणि ‘रिझल्ट फ्रॉम’ यांतला फरक पाहा. पहिला शब्द कारणाकडून परिणामाकडे जातो, दुसरा परिणामाकडून कारणाकडे येतो. ‘अनटचेबिलिटी रिझल्टेड इन पॉव्हर्टी’ म्हणजे अस्पृश्यतेतून दारिद्र्य आले. ‘अनटचेबिलिटी रिझल्टेड फ्रॉम पॉव्हर्टी’ म्हणजे दारिद्र्यातून अस्पृश्यता आली! एका लहानशा शब्दाने इतिहास डोक्यावर उभा राहतो आणि अन्याय करणारा मोकळा सुटतो. आपण गरीब होतो म्हणून अस्पृश्य ठरलो, असे आपल्याच मुलाच्या हातून लिहून गेले, तर तो दोष व्याकरणाचा म्हणून सोडून देता येईल काय?

तिसरी अडचण कर्त्याची आहे. ‘त्यांना प्रवेश नाकारला गेला’, ‘दोन गटांत वाद झाला, त्यात एकाचा मृत्यू झाला’, अशी वाक्ये आपण रोज वाचतो. कोणी नाकारला? कोणी मारले? इंग्रजीतही असे कर्ता लपवणारे वाक्य फार वापरतात आणि ते विद्वत्तेचे लक्षण समजतात. आपल्या मुलांना सांगितले पाहिजे की असे वाक्य लिहिले, तरी कर्ता कोण ते त्यात लिहा. कर्त्याशिवायच्या परिच्छेदात गुन्हा दिसतो, पण गुन्हेगार दिसत नाही.

चौथी अडचण आपल्या चळवळीच्या सवयीची आहे आणि ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. व्यासपीठावर आपल्याला ‘च’ फार आवडतो. ‘हे मनुवादामुळेच झाले!’ सभेत त्याने टाळी मिळते. पण प्रबंधात परीक्षक आणि कोर्टात समोरचा वकील त्या ‘च’लाच धरतो. दुसरे एखादे कारण त्याने दाखवले की सगळी मांडणी कोसळते. इंग्रजीत कारणाचे वजन सांगणारे वेगवेगळे शब्द आहेत. ‘कॉज्ड’ म्हणजे हेच कारण. ‘काँट्रिब्यूटेड टू’ म्हणजे याचाही हातभार. ‘असोसिएटेड विथ’ म्हणजे दोन गोष्टी बरोबर दिसतात, कारण सिद्ध झालेले नाही. पुराव्याला जेवढे पेलते, तेवढ्याच वजनाचा शब्द घ्यायचा. यात भित्रेपणा नाही. मोजून लिहिलेला शब्द कोणाला खोडता येत नाही.

या ‘च’ने आपले किती नुकसान केले आहे, ते कायद्याच्या क्षेत्रात पाहावे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ साली झाला. त्याच्या कलम ३(२)(५) मध्ये, दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा पीडित व्यक्ती दलित वा आदिवासी आहे ‘या कारणास्तव’ केला असेल, तर जन्मठेपेची तरतूद होती. सगळी मदार त्या एका कारणवाचक शब्दावर! आरोपीचा वकील उभा राहून म्हणे की भांडण जमिनीचे होते, सूड जुना होता, जातीचा संबंध नाही. २००६ साली राजस्थानातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर हे कलम उतरवले. खैरलांजीचे हत्याकांडही २००६ चे. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये हत्येसाठी शिक्षा दिल्या, पण अत्याचार कायदा लावला नाही. नागपूर खंडपीठानेही २०१० मध्ये सुडाचे कारण धरले. जणू सूड आणि जात यांची कधी भेटच होत नाही!

मराठीत ‘कारण’ आणि ‘निमित्त’ असे दोन शब्द आहेत. बांध, गुरे, पाणी, मोबाइलची रिंगटोन, वरातीचा घोडा ही निमित्ते असतात. त्या निमित्ताला खून करण्याइतके धैर्य जातीच्या उतरंडीतून येते, ते कारण. पण हा भेद कागदावर मांडावा लागतो. चळवळीच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०१५ ची दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ‘या कारणास्तव’ऐवजी पीडिताची जात ‘माहीत असताना’ असे शब्द आले. पुढे २०२१ मध्ये पाटण जमाल वली या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या शब्दांचाही अर्थ सांगितला. ‘या कारणास्तव’ म्हणजे ‘केवळ याच कारणास्तव’ असे वाचता येणार नाही, अनेक कारणांत जात हे एक कारण असू शकते. कायद्यात नसलेला ‘च’ इतकी वर्षे वाचला जात होता! तरीही त्या खटल्यात पुराव्याअभावी अत्याचार कायद्याखालची शिक्षा टिकली नाही, हेही लक्षात ठेवावे. कायद्याचा अर्थ बाजूने लागला, पण कारणाचा पुरावा कागदावर नव्हता.

कारण पहिल्यांदा लिहिले जाते ते पोलीस ठाण्यात, मराठीत, फिर्यादीच्या पहिल्या पानावर. तिथे ‘किरकोळ वादातून’ एवढेच उतरले, तर पुढे मोठे विद्वान वकील उभे करूनही ते पान भरून काढणे कठीण जाते. आणि उच्च व सर्वोच्च न्यायालयांची भाषा संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे आजही मुख्यतः इंग्रजीच आहे. निकालांचे मराठी भाषांतर आता मिळू लागले आहे, ही चांगली गोष्ट. पण भाषांतर निकालानंतर मिळते. निकाल ज्याच्यावर बेततो तो युक्तिवाद इंग्रजीत लिहिलेला असतो.

कोणी म्हणेल, मराठी सोडून इंग्रजीच्या मागे का लागायचे? मराठी सोडा, असे कोणी म्हटलेले नाही. १९२० चे ‘मूकनायक’ आणि १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’ ज्यांनी मराठीत काढले, त्याच बाबासाहेबांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ इंग्रजीत लिहिला. समाजाला जागे करायला त्यांनी मराठी वापरली आणि सत्तेला जाब विचारायला इंग्रजी.

दुसरा कोणी म्हणेल, आता मोबाइलवरचे यंत्रच दोन सेकंदांत झकास इंग्रजी परिच्छेद लिहून देते, मग शिकायचे कशाला? यंत्र भाषा देईल. पण इगतपुरीची टंचाई त्याला विचारली, तर तेही पूर्वी कोणी लिहून ठेवलेल्यातूनच उत्तर काढणार. वाडीवरच्या विहिरीपाशी ते गेलेले नाही. कारण ज्याने भोगले आणि तपासले, त्यानेच ते लिहायचे असते. यंत्राकडून व्याकरण तपासून घ्यावे, कारण घेऊ नये.

आणि मार्ग अरुंद करणारे स्वस्थ बसलेले नाहीत, याचेही भान असावे. परदेशी उच्च शिक्षणासाठी केंद्राची जी नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे, तिच्या २०२२ च्या सूचनांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाजाचा अभ्यास हे विषय वगळण्यात आले. बाबासाहेबांचा १९१६ चा निबंधसुद्धा त्या चाळणीतून खाली पडला नसता! ज्या विषयात आपली मुले प्रस्थापितांची कारणे तपासू शकतात, तोच विषय त्यांच्या हातून काढून घ्यायचा. यावरून तरी या परिच्छेदाची किंमत कळावी.

मग करायचे काय? त्यासाठी निधी नको, इमारत नको. प्रत्येक विहारात रविवारची वंदना झाल्यावर एक तास काढा. दहावीपुढची मुले-मुली बसवा. आठवड्याला एकच प्रश्न द्या आणि तो आपल्या तालुक्यातला द्या. घोटीच्या भातउत्पादकाला भाव का मिळत नाही? अमुक वस्तीला स्मशानभूमी का नाही? वसतिगृहातून मुले का निघून जातात? आधी मुलांनी जाऊन माणसांशी बोलावे आणि ग्रामपंचायतीतून कागद मिळवावा. मग मराठीत कारणांची साखळी मांडावी. त्यानंतरच इंग्रजीत दहा ओळींचा परिच्छेद लिहावा. गावातले शिक्षक, वकील, बँकेतले आणि रेल्वेतले नोकरदार यांनी लाल शाई घेऊन तो तपासावा. प्रत्येक वाक्यापाशी तीन प्रश्न विचारावेत. पुरावा काय? कर्ता कोण? ‘च’ पेलतो का?

कसाऱ्याहून इगतपुरीला येणारी बहुतेक गाडी थळ घाटाचा चढ एकट्या इंजिनाच्या बळावर चढत नाही. सदतीस फुटांमागे एक फूट असा तो चढ आहे. मागून ढकलायला बँकर इंजिने लावावी लागतात. आपल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांचेही तसेच आहे. मूल हुशार असते, पण मागे लावायला इंजिन नसते. आरक्षणाच्या जोरावर नोकरीत लागलेल्या, शहरात फ्लॅट घेतलेल्या आपल्या बांधवांनी आठवड्यातला एक तास द्यावा. पे बॅक टू सोसायटी म्हणतात, ते हेच!

बाबासाहेबांनी ‘शिका’ हा शब्द सर्वांत आधी ठेवला. शिकायचे म्हणजे नुसते वाचायचे नाही. आपल्या दुःखाचे कारण आपल्या हाताने, पुराव्यानिशी आणि ज्याला वाचायलाच हवे त्याच्या भाषेत लिहायचे. नाहीतर ते दुसरा कोणीतरी लिहील आणि त्याच्या कागदावर दोषी पुन्हा आपणच असू.

जय भीम!